जहाजावरची नोकरी आणि दारूची तपासणी

नागपूरच्या रामदासपेठेतून आम्ही बचत गटांचं काम पाहणाऱ्या बाया बोलतो आहोत.

आपल्या विदर्भाला समुद्र नाही, तरी इथली मुलं मर्चंट नेव्हीत, म्हणजे मालवाहू जहाजांवर, नोकरीला जातात. कोर्सच्या फीसाठी कधी गटातून कर्ज निघतं, कधी आईचा दागिना गहाण पडतो. म्हणून तिथला दारूच्या तपासणीचा नियम घरातल्या बाईलाही माहीत पाहिजे.

रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याच्या 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू निघाली, तर आपल्या कायद्याने तो गुन्हा आहे. जहाजांसाठी देशादेशांचा करार आहे, भारतही त्यात आहे. त्यात 1 जानेवारी 2012 पासून मर्यादा लागू झाली. सुरक्षेच्या ड्युटीवर असलेल्या माणसाच्या 100 मिलिलिटर रक्तात 50 मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू नको. म्हणजे अर्धा कप रक्तात साधारण गव्हाच्या एका दाण्याच्या वजनाएवढी! कॅप्टन असो की खलाशी, मर्यादा एकच. बऱ्याच कंपन्या तर थेंबही चालवून घेत नाहीत.

एवढं कडक कशाला? 24 मार्च 1989 ला अमेरिकेच्या अलास्कात ‘एक्सॉन वाल्डेझ’ हे तेलाचं जहाज खडकावर चढलं. सुमारे 4 कोटी लिटर तेल समुद्रात सांडलं. कॅप्टन दारू प्यायला होता, असा आरोप झाला. पण त्याच्या रक्ताची तपासणी झाली सुमारे दहा तासांनी. कोर्टात त्यावर वाद झाला आणि दारूच्या आरोपातून तो सुटला. आता अमेरिकेच्या नियमात मोठ्या अपघातानंतर दोन तासांत दारूची तपासणी करायला सांगितलं आहे.

यातून एक गोष्ट ध्यानात घ्या. तपासणी पिणाऱ्याला पकडते, तशी न पिणाऱ्याला वाचवतेही. अपघात झाला की बोट आधी लहान माणसाकडे जातं. तेव्हा मशीनचा आकडा हाच त्याचा साक्षीदार. म्हणून मुलाला सांगा: तपासणी टाळू नको. आकडा आणि वेळ लिहून घ्यायला लाव. खोकल्याचं औषध किंवा तोंड धुवायचं औषध घेतलं असेल तर आधीच सांग. काहींत दारू असते, तोंडात राहते आणि आकडा वाढवते. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायला सांग.

रात्रीची दारू सकाळी उतरलेली असेलच असं नाही. लिंबूपाणी, कॉफी, थंड आंघोळ, कशानेही ती लवकर उतरत नाही. वेळच लागतो.

घरी आपण किती झाकतो! ‘आज त्यांना बरं नाही,’ असं मालकाला सांगून मोकळ्या होतो. भर समुद्रात झाकायला कोणी नसतं, आणि एकाच्या पिण्याने सगळ्यांचा जीव जातो. नोकरी गेली तरी गटाचा हप्ता थांबत नाही.

म्हणून अशा कोर्ससाठी कर्जाचा अर्ज आला, तर बैठकीत मुलालाही बोलवा. प्यायची सवय आहे का, हे न लाजता विचारा. नोकरीच्या कराराची प्रत त्याला मिळालीच पाहिजे, तो त्याचा हक्क आहे. त्यात दारूचा नियम काय लिहिला आहे, तो त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. सही त्यानंतर.