धनुर्विद्येसाठी गावातच तयार होणारे लक्ष्य

(ग्रामीण शाळांतील धनुर्विद्येचा सराव आणि त्यासाठी अल्प खर्चात तयार करता येणारे फोमचे लक्ष्य या विषयावर शिक्षक, पंचायत सदस्य व अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा पाठ.)



धनुष्यबाण महाराष्ट्राला नवा नाही. सातपुड्याच्या कुशीतील भिल्ल आणि गडचिरोलीच्या अरण्यातील माडिया गोंड या समाजांमध्ये तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. गुरूने नाकारल्यावर मातीची मूर्ती समोर ठेवून विद्या मिळविणाऱ्या एकलव्याची कथा तर प्रत्येक शाळेत सांगितली जाते. या जुन्या विद्येला अलीकडच्या काळात क्रीडाक्षेत्रात नवा मान लाभला आहे. सातारा जिल्ह्यातील सरडे या गावचा प्रवीण जाधव २०२१ मध्ये टोकियो येथील ऑलिंपिक स्पर्धेत उतरला. २०२३ मध्ये बर्लिन येथील जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे या दोघांनी कंपाउंड प्रकारात वैयक्तिक विजेतेपद मिळविले. अदितीचे वय त्या वेळी अवघे सतरा वर्षांचे होते.

अशा वार्ता गावात पोहोचल्या की मुलांच्या मनात उमेद निर्माण होते. बांबूचे धनुष्य गावातच मिळू शकते आणि शिकविण्यास एखादा उत्साही शिक्षकही पुढे येतो. अडचण उभी राहते ती बाण थांबविणाऱ्या वस्तूची. खेळाडू ज्याला ‘बट्रेस’ म्हणतात, ते तयार लक्ष्य लहान शाळेच्या आटोक्याबाहेरचे असते. मग गवताचा भारा, मातीचे पोते किंवा जुनी गादी उभी करून काम भागविले जाते. भारा पावसात कुजतो, त्याला वाळवी लागते, उंदीर लागतात. पोते फाटून माती सांडते. गादीतून तर बाण आरपार जातो. बाण मोडले आणि हरवले की सराव थांबतो. लक्ष्यातून पार गेलेल्या बाणाच्या वाटेत कोणी आले, तर होणारी हानी कशानेही भरून येत नाही. लक्ष्य स्वस्त असावे ही अपेक्षा रास्त आहे. मात्र ते स्वस्त कशामुळे झाले, याचा विचार प्रथम व्हावयास हवा. योग्य जागी वाचविलेला पैसा ही काटकसर होय. चुकीच्या जागी वाचविलेला पैसा हा धोका होय.

बाण थांबतो कसा?

लक्ष्य जितके कठीण तितके चांगले, असा एक समज आहे. प्रत्यक्षात कठीण फळीवर आपटलेला बाण वाकतो, मोडतो किंवा उसळून मागे येतो. लक्ष्य जितके जाड तितके चांगले, हाही समज अपुराच आहे. सैल रचलेला जाड थर बाणाला अडवीत नाही.

बाण थांबतो तो घर्षणाने. टोक आत शिरले की दोन्ही बाजूंचे थर बाणाच्या दांड्याला आवळून धरतात आणि त्याचा वेग क्रमाने कमी होतो. घट्ट वळलेल्या पेंढ्याच्या लक्ष्यामागेही हेच तत्त्व असते. २० ग्रॅम वजनाचा बाण सेकंदाला ५० मीटर वेगाने सुटला, तर त्याच्या अंगी २५ ज्यूल ऊर्जा असते. एक किलो वजन अडीच मीटर उंचीवरून खाली पडावे, तितकी ही ऊर्जा आहे. ती साडेबारा सेंटिमीटर अंतरात जिरवावयाची तर सरासरी २० किलो वजनाइतका विरोध लागतो. हा विरोध आवळलेल्या थरांकडून मिळतो. यास्तव लक्ष्य तयार करताना फोमच्या जाडीइतकेच, किंबहुना त्याहून अधिक लक्ष आवळणीकडे द्यावयास हवे.

कोणता फोम घ्यावा?

सर्व फोम सारखे नसतात. थर्माकोलचे दाणे सुटतात आणि थोड्याच बाणांत त्याला भगदाड पडते. गादीतील स्पंज फार मऊ असल्याने पकड घेत नाही, शिवाय तो चटकन पेट घेतो. उपयोगी पडतात ते दोन प्रकार. पहिला ईव्हीए फोम. चपलांचे तळ, व्यायामाच्या चटया आणि एकमेकींत अडकविण्याच्या खेळघरातील चटया यांसाठी तो वापरतात. दुसरा पॉलिथिलीनचा लवचीक फोम, जो यंत्रे व घरगुती उपकरणे यांच्या वेष्टनात येतो. पहिला अधिक दाट असल्याने तो मध्यभागी घालावा. दुसरा वरच्या व खालच्या थरांत चालतो, कारण तेथे बाण कमी लागतात.

पारख सोपी आहे. तुकडा अंगठ्याने जोराने दाबून सोडावा. तो लगेच मूळ जाडी धरीत असेल तर घ्यावा. खळगा तसाच राहिला, चुरा झाला किंवा उन्हाने पृष्ठभाग तडकलेला असला तर घेऊ नये. तालुक्याच्या गावातील उपकरणांची दुकाने, पादत्राणांचे कारखाने आणि भंगाराचे व्यापारी यांच्याकडे असा माल पडून असतो. खर्चातील मोठी बचत होते ती येथे, आणि तिच्यामुळे सुरक्षिततेला बाधा येत नाही.

मापे आणि जुळणी

प्रारंभीच्या सरावासाठी ६० सेंटिमीटर उंच, ६० सेंटिमीटर रुंद आणि २५ सेंटिमीटर खोल असे लक्ष्य पुरेसे होते. फोमचे तक्ते १० मिलिमीटर जाडीचे असतील, तर त्यांतून ६० सेंटिमीटर लांब व २५ सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापाव्यात. दोन मीटर लांब व एक मीटर रुंद तक्त्यातून अशा १२ पट्ट्या निघतात. सत्तर पट्ट्या लागतात, म्हणजे सहा तक्ते पुरतात. हेच लक्ष्य एक मीटर लांबीरुंदीचे करावयाचे ठरविल्यास आवळणीचा हिशेब धरून सुमारे १५ तक्ते लागतील. म्हणून आरंभ लहान मापाने आणि जवळच्या अंतरावरून करणे हिताचे.

पट्ट्या एकावर एक आडव्या रचाव्यात आणि त्यांच्या कडा धनुर्धराकडे याव्यात. वह्यांचा गठ्ठा पानांच्या कडेकडून दिसावा, तशी ही रचना दिसते. बाण दोन थरांच्या मध्ये शिरतो आणि काढल्यावर फट पुन्हा मिटते. तक्ता सपाट बाजूने समोर ठेवल्यास प्रत्येक बाणागणिक भोक पडते आणि तक्ता लवकर निकामी होतो. पट्ट्यांना डिंक किंवा चिकटद्रव्य लावू नये. ते बाणाला चिकटते आणि झिजलेल्या पट्ट्या बदलता येत नाहीत.

रचलेल्या सत्तर थरांची उंची ७० सेंटिमीटर होते. खाली व वर ८० सेंटिमीटर लांब, २५ सेंटिमीटर रुंद अशी एकेक फळी ठेवावी आणि फोमच्या बाहेर, दोन्ही बाजूंना दोन-दोन, अशा आटे पाडलेल्या चार सळया फळ्यांतून ओवाव्यात. मग दोघा-तिघांनी वरची फळी दाबून धरावी आणि चारही नट पाळीपाळीने, सारख्या फेऱ्यांनी आवळत न्यावेत. ७० सेंटिमीटरचा थर ६० सेंटिमीटरवर आला की आवळणी पुरेशी झाली असे समजावे. फळी पातळ असेल तर ती मध्यभागी कमानीसारखी उचलली जाते आणि ज्या मधल्या भागावर सर्वाधिक बाण बसावयाचे, तोच सैल राहतो. म्हणून फळी किमान चार सेंटिमीटर जाड असावी. गावातील सुतारास हे काम सहज जमण्यासारखे आहे.

बाण लोखंडावर आदळला तर उसळतो. यास्तव सळयांच्या पुढे लाकडी पट्ट्या ठोकाव्यात आणि फळ्यांच्या पुढील कडांवर फोमची पट्टी बसवावी. सळयांची वर राहिलेली टोके कापून झाकावीत. सारा सांगाडा तिकाटण्यावर किंचित मागे झुकलेला ठेवावा आणि खुंट्या ठोकून दोराने जखडावा. वाऱ्याने लक्ष्य कोलमडले तर बाण मोडतात आणि जवळ उभे असलेले मूल जखमी होऊ शकते.

समोर लावावयाचा कागद शाळेतच काढता येतो. ४० सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात दोन-दोन सेंटिमीटर अंतराने दहा वलये आखावीत. मध्यापासून बाहेर पिवळा, तांबडा, निळा, काळा व पांढरा हे रंग प्रत्येकी दोन वलयांना द्यावेत. भूमितीचा आणि चित्रकलेचा एक पाठ त्यातच होऊन जातो.

लक्ष्याच्या मागे काय आहे?

लक्ष्य कितीही चांगले असले तरी नवशिक्याचे सर्व बाण त्यावर लागत नाहीत. हलक्या धनुष्यातून सुटलेला बाणही शंभर मीटरहून दूर जाऊ शकतो. फोम जुना घेऊन वाचविलेला पैसा प्रथम येथे खर्च व्हावा. लक्ष्याच्या मागे मातीचा उंच बांध हवा. तो दगडगोट्यांचा नसावा, कारण दगडावरून बाण उसळतो. शाळेची भिंत हा बांधाचा पर्याय नव्हे. बांधाच्या पलीकडे पायवाट, पाणवठा, गोठा किंवा खेळाचे मैदान असेल, तर ती जागा सोडून द्यावी. दुतर्फा दोर बांधून प्रवेश बंद करावा. जागा निवडताना गुराखी कोणत्या वाटेने जातात, पाण्याला जाणाऱ्या स्त्रिया कोणत्या वाटेने येतात, हे पंचायत सदस्यांइतके कोणास ठाऊक असणार? निर्णय त्यांच्या संमतीने, जागेवर उभे राहून व्हावा.

चाचणी आणि शिस्त

मुलांच्या हाती धनुष्य देण्यापूर्वी जाणत्या प्रौढाने लक्ष्याची चाचणी घ्यावी. ती शाळेतील सर्वांत जोरकस धनुष्याने आणि सर्वांत जवळच्या अंतरावरून घ्यावी. दूरचा बाण वाटेत वेग गमावतो, जवळचा बाण पूर्ण वेगाने येतो. बाण निम्म्या खोलीपर्यंत थांबला तर लक्ष्य योग्य होय. टोक मागे डोकावले तर नट पुन्हा आवळावेत. तेवढ्याने भागले नाही तर अधिक दाट फोम घालावा. कंपाउंड धनुष्याचा बाण फार वेगवान असल्याने असे प्राथमिक लक्ष्य त्याला वापरू नये.

मैदानावर सर्वांसाठी नेमाची एकच रेषा असावी. शिट्टीचे संकेत आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये रूढ आहेत, तेच शाळेत पाळावेत: दोन शिट्ट्या म्हणजे रेषेवर येणे, एक म्हणजे बाण सोडण्यास आरंभ, तीन म्हणजे बाण आणावयास जाणे. संकटप्रसंगी लागोपाठ पाच शिट्ट्या होताच सर्वांनी थांबावे. शेवटचे धनुष्य खाली येईपर्यंत एकानेही पुढे जाऊ नये. बाण उपसताना एक हात लक्ष्यावर टेकवावा आणि मागे कोणी उभे नाही याची खात्री करावी, कारण झटक्याने निघालेल्या बाणाचे मागचे टोक डोळ्याला लागू शकते. तडा गेलेला बाण पुन्हा वापरू नये. धनुष्यबाण कुलुपात ठेवावेत आणि किल्ली शिक्षकाकडे असावी.

देखभाल

मधल्या पट्ट्या प्रथम झिजतात. त्या काढून वर किंवा खाली घालाव्यात आणि तेथील ताज्या पट्ट्या मध्ये आणाव्यात. अशा अदलाबदलीने लक्ष्याचे आयुष्य वाढते. दर आठवड्याला नट तपासावेत. बाण निघणे जड झाले तर दांड्यावर कोरडा साबण फिरवावा. ऊन फोमचा शत्रू आहे. सराव संपताच लक्ष्य सावलीत न्यावे किंवा झाकावे. विडी, चूल आणि आहार शिजविण्याची जागा यांपासून ते दूर असावे. निकामी फोम जाळू नये, त्याचा धूर विषारी असतो. तो भंगारवाल्याकडे किंवा कचरा संकलनाकडे द्यावा.

श्रोतेहो, सहा तक्ते, दोन फळ्या, चार सळया आणि मातीचा एक बांध एवढ्या साहित्यावर एका गावाचा सराव सुरू होऊ शकतो. कार्यारंभापूर्वी शाळा व्यवस्थापन समिती, क्रीडाशिक्षक आणि पंचायत सदस्य यांनी एकत्र बसून तीन गोष्टी लिहून काढाव्यात: जागा कोणती, देखरेख कोणाची आणि आवळणी तपासण्याचा दिवस कोणता. या तिन्हींची उत्तरे ठरल्यावरच सुतारास बोलवावे. साधन गावात तयार झाले म्हणजे ते दुरुस्तही गावातच होते, आणि सराव एखाद्या मोडक्या वस्तूपायी वर्षभर खोळंबत नाही. ऑलिंपिकपर्यंत मोजकीच मुले पोहोचतील. पण नेम धरून श्वास आवरणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे आणि दुसऱ्याच्या सुरक्षिततेसाठी धनुष्य खाली ठेवणे हे शिक्षण रेषेवर उभ्या राहणाऱ्या प्रत्येक मुलाला व मुलीला मिळेल. त्यासाठी पहिला बाण सुटण्यापूर्वी लक्ष्य घट्ट आवळलेले असावे आणि त्याच्या मागचा बांध पुरा झालेला असावा.