हजेरीपटावर न आलेला मजूर
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शासनव्यवहाराच्या शास्त्रीय अभ्यासाविषयी चळवळीतील कार्यकर्त्याच्या मनात एक अढी असते. दुष्काळ ओसरल्यावर विद्यापीठातील मंडळी प्रश्नावल्या घेऊन येतात, तक्ते मांडतात आणि खडी फोडणाऱ्या बाईला जे आधीपासून ठाऊक असते तेच इंग्रजीत लिहून काढतात, असे तो म्हणतो. या तक्रारीत तथ्य आहे, पण ते अर्धेच. सरकारी आकडा खोटा नसूनही दिशाभूल कशी करतो, हे अशाच संशोधनाने दाखवून दिलेले आहे. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण महाराष्ट्राच्या घरचेच आहे. ते म्हणजे रोजगार हमी योजना.

वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात केलेला प्रयोग, १९७२ चा दुष्काळ, १९७७ चा कायदा आणि २६ जानेवारी १९७९ पासून त्याची अंमलबजावणी, हे टप्पे परिचित आहेत. त्यांचा विस्तार करण्याचे कारण नाही. दुष्काळाबद्दल मात्र एक गोष्ट विसरली जाते. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. ज्याँ द्रेझ यांनी पुढे या दुष्काळाचा बारकाईने अभ्यास केला. धान्याचे उत्पादन कोसळूनही मोठी प्राणहानी टळली, याचे मुख्य श्रेय त्यांनी मजुरीच्या रूपाने गरिबांच्या हाती आलेल्या क्रयशक्तीला दिले. कामे निघाली ती केवळ शासनाच्या सद्बुद्धीने नव्हे. मोर्चे, घेराव आणि विधिमंडळातील प्रश्न यांचा रेटा त्यामागे होता, हेही त्यांनी नमूद केले. म्हणजे मजुराने काम मागणे ही घटना कायद्याच्या आधीची आहे. कायद्याने तिला फक्त हक्काचे रूप दिले.

या कायद्याची बिजागरी ‘मागणी’ हीच होती. मजुराने अर्ज द्यावा, शासनाने १५ दिवसांत काम द्यावे, न दिल्यास किमान १ रुपया रोज बेकारी भत्ता द्यावा. कोण गरीब, कोण नाही, याची यादी करण्याची जबाबदारी तलाठ्याकडे नव्हती. वैशाखाच्या उन्हात नालाबांधावर माती टाकायला जो येतो तो गरजू, असे गृहीतच धरलेले होते. अर्थशास्त्रज्ञांना ही कल्पना भावली आणि त्यांनी ती तपासूनही पाहिली. वि. म. दांडेकर व माधव साठे यांनी १९८० साली आपल्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. कामावर येणारी माणसे बहुतांशी खरोखरच दारिद्र्यात आहेत, असे त्यांतून दिसले. कुमुदिनी दांडेकर यांनी १९८३ साली ही योजना स्त्रियांना रोजगाराची केवढी मोठी संधी ठरली आहे हे मांडले. त्याच वर्षी हेरिंग आणि एडवर्ड्‌स या अमेरिकी अभ्यासकांनी एक अप्रिय मुद्दा पुढे आणला. मजुरांना मजुरी मिळते हे खरे, परंतु पाझर तलावाचे पाणी ज्याची जमीन आहे त्याच्याच विहिरीला लागते. म्हणूनच ग्रामीण धनिकांनी या योजनेला विरोध केला नाही. खर्चाचा मोठा भाग शहरी पगारदारांच्या व्यवसाय करातून येत होता, त्यामुळे विरोधाचे आणखी एक कारण उरले नाही. एवढ्या पुरोगामी कायद्यावर विधिमंडळात इतके एकमत कसे झाले, याचे उत्तर शोधणाऱ्याने हा निबंध वाचावा.

पण संशोधनाची खरी कसोटी १९८८ साली लागली.

शेतमजुरांचे किमान वेतन दुपटीने वाढले आणि त्याबरोबर योजनेवरील मजुरीही दुप्पट झाली. त्याआधी १९८३ साली राजस्थानातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, दुष्काळी कामावरही किमान वेतनापेक्षा कमी देणे म्हणजे वेठबिगार होय, असा निर्वाळा दिला होता. मजुरी दुप्पट झाली तर कामावर येणाऱ्यांची संख्या वाढायला हवी. प्रत्यक्षात ती लक्षणीय घटली. यावर एक सोयीचा खुलासा तयारच होता: शेती सुधारली, पाऊस बरा झाला, लोकांना आता खडी फोडण्याची गरज उरली नाही. हजेरीपट पाहिला तर हा खुलासा खोडून काढता येत नाही. हजेरीपटावर आलेला मजूर दिसतो. परत पाठवलेला दिसत नाही.

मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधुरी यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेमका हाच पेच घेतला. महिन्यामहिन्यांच्या हजेरीच्या आकड्यांवरून, ही घट मागणी आटल्याची की कामाच्या रेशनिंगची, याचा त्यांनी छडा लावला. वेतनवाढीनंतर काम मोजूनमापून दिले जाऊ लागले आणि हमीची धार बोथट झाली, असे त्यांना आढळले. हमी रद्द झाल्याची घोषणा कोणी केली नाही. कायद्याचे कलम जागच्या जागी होते. खर्च आवाक्यात राहील इतकीच कामे काढली की काम भागते.

या निष्कर्षाचा अर्थ लावताना मात्र विद्वानांतही दोन तट पडतात. काहींच्या मते, मजुरी वाढवली म्हणून हमी गेली. मजुरी कमी ठेवली असती तर अधिक गरिबांना काम मिळाले असते. गणित म्हणून हे चूक नाही. परंतु या गणितात निधीची रक्कम स्थिर धरलेली आहे, आणि ती स्थिर धरण्याचा निर्णय अर्थशास्त्राचा नसून मंत्रिमंडळाचा असतो. किमान वेतन आणि कामाची हमी यांपैकी एकच निवडा, असे मजुराला सांगणे म्हणजे भाकरी हवी की कोरड्यास, असे विचारण्यासारखे आहे.

२००५ साली केंद्राने कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव त्यांच्यासमोर होता. तरीही जुने दुखणे नव्या देहात शिरले. २००९-१० या वर्षी सरकारी नोंदींनुसार काम मागणाऱ्या कुटुंबांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक कुटुंबांना काम मिळाले होते. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय नमुना पाहणीत लोकांच्या घरी जाऊन दोन साधे प्रश्न विचारले गेले: काम मिळाले का? नसल्यास, मागितले होते का? दत्ता, मुरगई, रॅव्हॅलियन आणि व्हॅन डी वॉल यांनी त्या उत्तरांचा हिशेब २०१२ साली मांडला. सुमारे २५ टक्के ग्रामीण कुटुंबांना काम मिळाले होते आणि सुमारे २० टक्के कुटुंबांना हवे असून मिळाले नव्हते. म्हणजे काम हवे असलेल्या दर १०० कुटुंबांपैकी ४४ रिकाम्या हाताने परतली. बिहारसारख्या गरीब राज्यांत ही तूट अधिक होती. हमीचे माहेर असलेल्या महाराष्ट्रातही तेव्हा काम मिळालेल्या कुटुंबांचे प्रमाण फारच थोडे होते.

कागदावर ९९ आणि घरात ५६, हा फरक लबाडीनेच पडतो असे नाही. केंद्राच्या त्या कायद्यात मजुरीचा पैसा केंद्राने द्यावयाचा होता, बेकारी भत्ता मात्र राज्याने. अर्जावर तारीख पडली की १५ दिवसांचे घड्याळ सुरू होते. ते सुरू होऊ न देण्याचा सोपा उपाय म्हणजे काम निघाल्यावरच अर्ज घेणे, किंवा घेतलेल्या अर्जावर कामाच्या आरंभाची तारीख घालणे. ग्रामसेवक वाईट माणूस असावा लागत नाही. वरून जी अडचण येणार ती तो टाळतो, एवढेच. अशा रीतीने न नोंदलेली मागणी ‘मागणी नाही’ म्हणून वर जाते, आणि पुढच्या वर्षीची तरतूद तिच्यावर बेतली जाते.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या नव्या कायद्यात दिवसांची संख्या १०० वरून १२५ केली आहे. ती ठळक अक्षरांत छापून आली. परंतु त्याच कायद्यात राज्यागणिक निधीची मर्यादा केंद्राने आधी ठरवायची, तिच्या वरचा खर्च राज्याने सोसायचा आणि पेरणी-कापणीच्या हंगामात ६० दिवसांपर्यंत कामे थांबवायची, अशीही तरतूद आहे. १९८८ नंतर महाराष्ट्रात जे न बोलता झाले, ते येथे कलमात लिहिलेले आहे. आता मागणी किती आहे हे मोजण्याची शासनाला गरजच उरणार नाही. निधी संपला की मागणी संपली.

म्हणून हे मोजमाप गावातूनच व्हावे लागेल, आणि ते अवघड नाही. राष्ट्रीय पाहणीतले ते दोन प्रश्न कोणालाही विचारता येतात. त्यांत तिसरा घालावा: अर्ज दिला त्याची तारखेची पोच मिळाली का? मजुरांच्या वस्तीत संध्याकाळी चुली पेटायच्या वेळी गेले तर दोन दिवसांत शंभर घरे होतात. वहीत नाव, अर्जाची तारीख, काम लागल्याची तारीख आणि परत पाठवले असल्यास काय कारण सांगितले, इतके चार रकाने पुरेत. पाहणी मार्च ते मे या महिन्यांत करावी. खरिपाच्या पेरणीनंतर विचारल्यास उत्तरे वेगळी येतात, आणि तहसील कचेरीत तीच उत्तरे दाखवली जातात.