तान्ह्या बाळासाठी योग्य शल्यवैद्य



तान्ह्या बाळाला दुर्मीळ आजार आहे, शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नाही, असे डॉक्टरांनी सांगितले, तर अमरावती-अकोल्याच्या सामान्य कुटुंबाने योग्य शल्यवैद्य शोधायचा कसा? हा आजचा माझा विषय आहे.

मोघम बोलण्यापेक्षा एकच आजार घेऊ. यकृतातले पित्त आतड्यात नेणाऱ्या नलिका काही बालकांत बंद पडतात. याला बिलिअरी अट्रेझिया म्हणतात. बाळ पिवळे राहते, लघवीने दुपट्यावर पिवळे डाग पडतात आणि शी मात्र शाडूसारखी पांढुरकी होते. साधी कावीळ बहुधा दोन आठवड्यांत ओसरते. ती पुढे टिकली, तर रक्तातील बिलिरुबिनचे दोन भाग वेगवेगळे मोजून घ्यावे लागतात.

जपानच्या मोरिओ कासाई यांनी १९५९ साली यावरची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. निकामी नलिका काढायच्या आणि लहान आतड्याचा भाग थेट यकृताला जोडायचा. ती साठ दिवसांच्या आत झाली, तर यशाचा संभव अधिक. उशीर झाला की यकृत निबर होत जाते. शस्त्रक्रिया साधूनही कित्येक मुलांना पुढे यकृतरोपण लागते, हेही सांगितले पाहिजे.

आता आपल्या घरचा हिशेब पाहा. बाळंतीण माहेरी असते. सव्वा महिना बाहेर पडायचे नाही. बाळ पिवळे दिसले, तर कोवळ्या उन्हात ठेवा म्हणतात. कोणी गळ्यात काविळीची माळ घालते. बाळ दूध पिते, म्हणून कोणाला भय वाटत नाही. इतक्यात साठांपैकी चाळीस दिवस सरतात! मग सासरची संमती, मग पैशांची जुळवाजुळव. रोग दुर्मीळ आहे खरा, पण दिरंगाई आपल्याकडे मुळीच दुर्मीळ नाही.

बरे, निघायचे ठरले, जायचे कोणाकडे? मोठ्या नावाकडे धाव घेण्याची आपली रीत आहे. पण मोठ्या माणसांचे पोट उघडणारा निष्णात सर्जन तान्ह्याच्या यकृतासाठी योग्य असेलच असे नाही. बालशस्त्रक्रिया ही स्वतंत्र शाखा आहे, तिची एम.सीएच. ही वेगळी पदवी असते. पदवी पाहिल्यावर पुढचा प्रश्न विचारावा : “डॉक्टरसाहेब, हीच शस्त्रक्रिया आपण वर्षाकाठी किती करता?” यात उद्धटपणा नाही. इंग्लंडमध्ये १९९९ पासून हे काम लंडन, बर्मिंगहॅम आणि लीड्स या तीनच केंद्रांकडे सोपवले आहे. दुर्मीळ कामाला हात बसायचा, तर ते एका जागी यावे लागते. तान्ह्यांना भूल देणारे डॉक्टर आणि नवजात अतिदक्षता विभाग तेथे आहेत का, पुढील तपासण्या कोण पाहील, हेही विचारावे.

बालशस्त्रक्रियेचे विभाग आहेत. नागपूरच्या एम्समध्ये आहे. मुंबईला परळचे बाई जेरबाई वाडिया रुग्णालय तर १९२९ पासून केवळ मुलांसाठीच आहे. खर्चाविषयी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला निघण्यापूर्वीच विचारावे.

कोणी म्हणेल, बाहेर जाणे म्हणजे गावच्या डॉक्टरवर अविश्वास नव्हे काय? मला उलट वाटते. जो डॉक्टर “हे माझे काम नव्हे” असे म्हणून चिठ्ठी लिहितो, पुढच्या डॉक्टरांशी स्वतः बोलतो आणि रक्ताचे अहवाल बरोबर देतो, त्याचे उपकार त्या घराने विसरू नयेत. योग्य सर्जनचा पत्ता बहुधा त्याच्याच दारातून सापडतो.

येथे जमलेल्या आज्यांना आणि मावश्यांना माझी एवढीच विनंती आहे. सव्वा महिन्याचा विटाळ पाळायचा की नाही, हे तुम्ही ठरवा. पण चौदाव्या दिवशी बाळ पिवळे असेल, तर त्याचे दुपटे उजेडात नेऊन शीचा रंग पाहा. पांढुरका असेल, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञाचे दार ठोठावा. घरातल्यांची संमती वाटेत घेता येईल.