स्वभक्षणाचा लगाम

मानवी पेशी आपल्यातील जीर्ण प्रथिने आणि निकामी तंतुकणिका दुहेरी पटलाच्या पिशवीत कोंडून लयकारिकेकडे, म्हणजे पाचक विकरांनी भरलेल्या अंगकाकडे, पाठवते आणि विघटनातून सुटलेले घटक पुन्हा वापरते. या प्रक्रियेला स्वभक्षण किंवा ऑटोफॅजी म्हणतात. तिची जनुके योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टमध्ये शोधली आणि त्यासाठी त्यांना २०१६चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मानवी पेशीत ही प्रक्रिया सुरू करणारे प्रमुख प्रथिन म्हणजे युएलके-१. ते कायनेज, अर्थात इतर प्रथिनांना फॉस्फेट गट जोडणारे विकर, असून अमिनो आम्ले व इन्सुलिनचे संकेत मुबलक असतात तोवर एमटॉरसी-१ हे प्रथिनसंकुल त्याच्या ७५८व्या स्थानावरील सेरीनला फॉस्फेट जोडून त्याला रोखून धरते. उपासमारीत हा लगाम सैल होतो, युएलके-१ हे बेक्लिन-१ असलेल्या संकुलाला चेतवते आणि पिशवीचे पटल आकार घेऊ लागते. येथे एक लक्षणीय दुवा आहे: पेशीचा नियोजित मृत्यू टाळणारे बीसीएल-२ हे प्रथिन बेक्लिन-१ला बांधून स्वभक्षणही थोपवते.

ऊर्जा घटली की जागे होणारे एएमपीके हे युएलके-१ला चालना देते, असे पाठ्यपुस्तके सांगतात. मात्र अलीकडच्या प्रयोगांत, विशेषतः अमिनो आम्लांच्या टंचाईत, तेच स्वभक्षणाला आवर घालताना दिसले असल्याने हे चित्र आता पूर्वीइतके सरळ मानता येत नाही.