ऊन आपल्या वावरात, हिशेब कोणाच्या वहीत?

(राजापेठ, अमरावती येथे आठवी ते दहावीचे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासमोर केलेले भाषण)



तापमानवाढीचा धडा परीक्षेपुरता पाठ करून सोडून देऊ नका. हा धडा वऱ्हाडातल्या कोरडवाहू वावरात लिहिला जातो आहे. मे २०२४ मध्ये अकोला जिल्ह्यात उन्हापायी २५ ते ३१ तारखेपर्यंत १४४ कलम लावावे लागले. दंगलीच्या वेळी ऐकू येणारे कलम उन्हासाठी! कामगारांना पाणी आणि पंखा द्या, शिकवणीच्या वेळा बदला, असा हुकूम निघाला. चांगलेच झाले. पण वावरात धसकटे वेचणाऱ्या बाईला पंखा कोण देणार?

आधी कारण समजून घेऊ. हरभऱ्याच्या दिवसांत आभाळ मोकळे असले की रात्री थंडी कडक पडते आणि ढग आले की ती पळते, हे तुमच्या आजालाही माहीत आहे. दिवसा तापलेली जमीन रात्री ऊब वर सोडते आणि ढग ती अडवतात. हवेत अशीच एक न दिसणारी गोधडी आहे. ती पाण्याची वाफ, कार्बन डाय ऑक्साइड, मिथेन यांची बनलेली आहे. ती नसती तर पृथ्वीचे सरासरी तापमान शून्याखाली १८ अंश राहिले असते. तिच्यामुळे ते १५ अंशांच्या आसपास आहे. म्हणजे गोधडी वाईट नाही, ती जाड झाली हे वाईट. कारखानदारीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डाय ऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते, आज ४२० च्या वर आहेत. २०२४ साली जगाचे तापमान १८५० ते १९०० या काळातील सरासरीपेक्षा सुमारे दीड अंशाने जास्त भरले.

गोधडी जाड कोणी केली? घरी चुलीत पऱ्हाटी जळते, पारसच्या वीजकेंद्रात कोळसा जळतो. धूर दोन्हीकडे आहे, पण हिशेब वेगळा. पऱ्हाटीने कार्बन याच हंगामात हवेतून घेतला आणि जळताना परत केला, उसनवारी फिटली. कोळशातला कार्बन कोट्यवधी वर्षे जमिनीत गाडलेला होता. तो जाळला की हवेच्या खात्यात नवी भर पडते. डिझेल-पेट्रोलचेही तेच. अमेरिकेत दर माणशी वर्षाला सुमारे १४ टन कार्बन डाय ऑक्साइड हवेत जातो, भारतात सुमारे २ टन. त्या २ टनांच्या सरासरीतही बंगल्यात चार एसी लावणारा आणि बैलजोडीवर डवरणी करणारा एकाच रांगेत मोजला जातो.

आपला वाटाही झाकू नका. पिकाने न उचललेल्या युरियातून नायट्रस ऑक्साइड निघतो. वजनाला वजन धरले तर तो कार्बन डाय ऑक्साइडपेक्षा सुमारे पावणेतीनशे पट ऊब धरतो. जादा युरिया टाकणे म्हणजे पैसाही हवेत आणि तापही हवेत.

आता परिणाम. हवा एक अंशाने तापली की सुमारे सात टक्के जास्त वाफ धरू शकते. म्हणून पावसाचा खंड पडला की जमिनीतली ओल लवकर उडते आणि पाऊस आला की कोसळतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी कोल व सहकाऱ्यांनी १९५० ते २०१५ च्या नोंदी तपासल्या. मध्य भारतात मोठ्या भागावर एकदम होणारी अतिवृष्टी त्या काळात तिपटीने वाढलेली आढळली. २०२३ आठवा. २२ जुलैला यवतमाळ पाण्याखाली गेले आणि पुढचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. त्या ऑगस्टमागे एल निनोही होता, हे खरे. पण खंडात पात्या गळतात, झडीत बोंडे सडतात, दाणा भरताना पाऊस आला की ज्वारी काळी पडते. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात तर विहिरीचे पाणीच खारट. तिथे पाऊस चुकला की दुसरा आधार नाही.

मात्र एका वर्षाच्या पिकावरून वाणाची पारख होत नाही, तशी एका गारपिटीवरून हवामानाची होत नाही. त्याला वर्षानुवर्षांची नोंद लागते. म्हणून पोरांनो, एक काम घ्या. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसवा आणि रोज सकाळी ठरल्या वेळी पाऊस वहीत लिहा. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पडला तर सरकारदरबारी ती अतिवृष्टी. मंडळाचा मापक एका गावात आणि पाऊस दुसऱ्याच गावात, हे आपण दरसाल भोगतो. तुमची वही सरकार मानो न मानो, तुमचा बाप तहसीलात "लई पाणी पडलं साहेब" एवढेच म्हणणार नाही. तारीख आणि आकडा सांगेल.

हे ऊन आपण पेटवले नाही, चटके मात्र आपल्याला बसतात. ज्याला हिशेब मांडता येतो त्यालाच भरपाई मागता येते. तो हिशेब शिका.