एकलहऱ्याचं दुकान गूगलला का सापडत नाही?

आजचा भाग खास त्यांच्यासाठी, ज्यांनी वेबसाइट बनवून घेतली, पैसे मोजले आणि आता विचारतायत, "भाऊ, फोन का येत नाही?" उदाहरण आपल्या जवळचंच घेतो, एकलहऱ्याचं.

बाहेरगावच्या श्रोत्यांसाठी सांगतो. नाशिक रोडपासून थोडं पुढे गोदावरीच्या काठी एकलहरे, तिथे औष्णिक वीज केंद्र. या केंद्रामुळे आजूबाजूच्या धंद्यांना गिऱ्हाईक शोधावंच लागत नव्हतं. शिफ्ट सुटली की गिऱ्हाईक दारात. मग २०११ मध्ये जुने १४० मेगावॅटचे दोन संच बंद झाले आणि २१० मेगावॅटचे तीन राहिले. ६६० मेगावॅटच्या नव्या संचाची चर्चा आपण किती वर्षं ऐकतोय, ते तुम्हीच मोजा. मुद्दा असा, की कॉलनीच्या भरवशावर चालणाऱ्या दुकानाला आता जेल रोडचं, सिन्नर फाट्याचं, ओढ्याचं गिऱ्हाईक लागतं. आणि ते गिऱ्हाईक पाटी वाचत नाही, मोबाइलवर शोधतं.

समजा, तुमचं पाण्याच्या मोटरी दुरुस्त करायचं दुकान आहे. वेबसाइट उघडली की वर मोठ्या अक्षरांत काय दिसतं? "आमच्या संकेतस्थळावर आपले सहर्ष स्वागत". अहो, हे लग्नपत्रिकेत ठीक आहे. द्राक्षबागेत मोटर जळालेला माणूस गूगलला "सहर्ष स्वागत" विचारत नाही. तो लिहितो, "मोटर रिवाइंडिंग नाशिक रोड". नाहीतर फोनला तोंड लावून म्हणतो, "बोअरची मोटर दुरुस्ती जवळ". हे शब्द तुमच्या पानावर, पानाच्या शीर्षकात नसतील, तर गूगलने तुम्हाला ओळखायचं कशावरून?

गावाच्या नावाचा गोंधळ वेगळाच. कुणी एकलहरे लिहितं, कुणी एकलहरा. इंग्रजी अक्षरांत शेवटी कुणी ई लावतं, कुणी ए. गूगल बऱ्याच वेळा सांभाळून घेतं, पण सगळा भार त्याच्यावर कशाला? पत्त्याच्या ओळीत मराठी आणि इंग्रजी दोन्ही लिहा. खाली एक साधं वाक्य टाका: "एकलहरे वीज केंद्राजवळ, नाशिक रोडहून येताना अमुक बाजूला". रस्ता सांगणारं वाक्य माणसाच्याही कामाचं आणि मशिनच्याही. मात्र तेच नाव पंचवीस वेळा कोंबू नका. ती युक्ती फार जुनी झाली आणि आता तिने नुकसानच होतं.

आता आपल्या मराठी साइट्सचं खरं दुखणं. तुमच्या साइटवरचा एक परिच्छेद बोट दाबून कॉपी करा आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. मराठी जशीच्या तशी आली, तर छान. इंग्रजी अक्षरांचा कचरा आला, तर मजकूर जुन्या फाँटमध्ये आहे. डीटीपीवाल्याकडे पत्रिका छापायला चालायचा तो फाँट. डोळ्यांना मराठी दिसते, पण गूगलच्या लेखी तो कचराच. मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर पुन्हा टाइप करून घ्या. आणि कॉपीच होत नसेल, तर बहुतेक ते चित्र आहे. दुकानाचा फ्लेक्स होता, तोच फोटो काढून चढवलेला. चित्रातल्या मजकुरावर विसंबून राहू नका. दर, वेळ, फोन नंबर लेखी द्या, आणि नंबर असा ठेवा की बोट लावलं की फोन लागेल.

नकाशातल्या नोंदीबद्दल थोडक्यात. गूगल बिझनेस प्रोफाइल फुकट आहे. तिथे कोण वर दिसणार, हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतं, असं गूगलच सांगतं: शोधाशी तुमचा संबंध किती, अंतर किती आणि तुम्ही किती परिचित. अंतर तुमच्या हातात नाही. म्हणून कुणी सल्ला देईल, "पत्ता सीबीएसचा टाकू". टाकू नका. खोट्या पत्त्यावर प्रोफाइल बंद पडू शकतं, आणि गिऱ्हाईक तिथे जाऊन शिव्या देतं ते वेगळंच. त्यापेक्षा काम झालेल्या माणसाला सांगा, "दादा, खरं काय वाटलं ते लिहा". सूट देऊन चांगलं लिहून घेणं नियमात बसत नाही.

आणि हो, ते फोन! "सर, सात दिवसांत पहिल्या नंबरवर आणतो." गूगलचं स्वतःचं म्हणणं आहे, की पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही. पैसे देऊन वर दिसते ती जाहिरात, तिच्यावर "प्रायोजित" लिहिलेलं असतं, आणि पैसे थांबले की ती गेली. काही जण "कीवर्ड टॅग भरतो" म्हणून बिल लावतात. तो टॅग आपण क्रमवारीसाठी वापरत नाही, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केलंय. "हजार लिंक देतो" म्हणणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवा. विकतच्या लिंकांवर गूगलने २०१२ मध्ये पेंग्विन नावाचा बदल आणला, तेव्हापासून त्या लिंका उलट्या अंगाशी येऊ शकतात.

याहून महत्त्वाचं एक विचारतो. डोमेन कुणाच्या नावावर आहे? माझ्या ओळखीच्या एका दुकानदाराने चार वर्षं बिनबोभाट पैसे भरले. साइट बनवणाऱ्याशी वाद झाला आणि कळलं, की डोमेन त्या बनवणाऱ्याच्याच खात्यात आहे. साइट बंद. कार्डांवर, बिलबुकावर, टेम्पोच्या मागे तोच पत्ता रंगवलेला! दुकानाचा सातबारा तुम्ही दुसऱ्याच्या नावावर करून द्याल का? आजच बघा. डोमेनचं खातं, होस्टिंगचा पासवर्ड, सर्च कन्सोल, बिझनेस प्रोफाइल, हे सगळं तुमच्या ईमेलवर पाहिजे. मुलाच्या किंवा पुतण्याच्या असला तर निदान तुम्हाला माहीत पाहिजे.

हे सगळं केल्यावर किती दिवस? काही बदल काही तासांत दिसतात, काहींना महिने लागतात. तोवर सर्च कन्सोल बघा. तेही फुकट आहे. लोक नेमके कोणते शब्द लिहून तुमच्यापर्यंत आले, ते त्यात दिसतं, आणि पुढचं पान कशावर लिहायचं ते तिथूनच कळतं. सोबत गल्ल्याशेजारी एक वही ठेवा. नवीन माणूस आला की विचारा, "आमचं कुठून कळलं?" आणि तारखेसकट लिहा. एजन्सीचा माणूस पुढच्या महिन्यात रंगीत रिपोर्ट घेऊन आला, की त्याच्यासमोर ती वही उघडा.