लेकराचें अंगडें घरींच शिवा
(शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण)



आज आम्ही राजदरबाराचा किंवा कायदेकौन्सिलाचा विषय घेऊन आपल्यापुढें आलेलों नाहीं. तान्ह्या मुलाचें अंगडें, झबलें आणि टोपडें हाच आमचा विषय. कोणी म्हणेल, ही बायकांची बाब, तिच्यावर सभेंत काय बोलावयाचें? आमचें म्हणणें असें कीं, जिच्यापायीं घरांतला पैसा जातो आणि जिच्यावर लहान जिवाचें सुख अवलंबून आहे, ती बाब घरांतल्या सर्वांची आहे. शिवाय सुई बायकांचीच, हें तरी कोठें खरें आहे? गांवोगांव शिवणकाम करून पोट भरणारे शिंपी पुरुषच होते. नामदेव महाराज शिंपी कुळांतले. त्यांचीं ६१ पदें शिखांच्या गुरुग्रंथसाहेबांत आदरानें ठेविलेलीं आहेत. सुई हातीं धरल्यानें कोणाची इभ्रत गेली, असें आम्हीं ऐकलेलें नाहीं.

आतां आपल्या घरांतली रीत पहा. बारसें आलें, दिवाळी आली, कीं मुलाला झगमगीत कपडा पाहिजे. हातांत पैसा नसला तर दुकानदाराची वही आहेच! तो कपडा बहुधा कृत्रिम धाग्याचा असतो. तो घाम शोषून घेत नाहीं, जरीची कड गळ्याला टोंचते, आणि मूल रडूं लागलें म्हणजे आपण दृष्ट काढावयास बसतों. अहो, दृष्ट कशाची? आधीं गळ्याची कड पहा! त्याहून मोठी भीति चुलीची. ठिणगी पडली तर सुती कपडाही पेटतो, परंतु हा कृत्रिम धागा वितळून कातडीला चिकटून बसतो. तेव्हां जळत्या चुलीजवळ मूल नेऊंच नये, आणि अंगावर असला कपडा तर मुळींच असूं नये.

बरें, एवढा खर्च करून तो कपडा टिकतो किती दिवस? जन्मतः मूल सुमारें ५० सेंटिमीटर लांब असतें, तें वर्षाचें होईपर्यंत सुमारें ७५ होतें. वजन तर साधारण तिप्पट होतें. म्हणजे महागाचें अंगडें फाटण्याआधींच तोकडें होतें. लोकांच्या डोळ्यांसाठीं घेतलेला कपडा पेटींत पडतो, आणि वहींतला आंकडा मात्र आपल्या डोक्यावर राहतो.

दुसरी एक समजूत आमच्या कित्येक घरांत आहे. मूल जन्मण्याआधीं त्याचे कपडे शिवूं नयेत, अपशकुन होतो म्हणे! आम्ही विचारतों, ओल्या अंगानें जन्मलेल्या जिवाला थंडी शकुन पाहून लागते काय? नुकतें जन्मलेलें मूल फार लौकर गार पडतें. त्याला ताबडतोब कोरडें पुसून आईच्या छातीशीं उघड्या अंगानें धरावें आणि दोघांवर पांघरूण घालावें, असें डॉक्टर सांगतात. त्यासाठीं मऊ फडकीं, दुपटीं आणि बाळोतीं आधींच उकळत्या पाण्यांत धुवून, कडक उन्हांत वाळवून, स्वच्छ गांठोड्यांत बांधून ठेविलीं पाहिजेत. ऐन वेळीं अडगळींतली चिंधी शोधणें हाच खरा अपशकुन होय.

आतां शिवण्याकडे वळूं. यंत्र नाहीं ही सबब कोणी सांगूं नये. सिंगरनें आपल्या शिवणयंत्राचा हक्क १८५१ सालीं मिळविला. त्याआधीं राजाचा अंगरखाही हातानेंच शिवला जात होता. सुई, सुती दोरा, कातर आणि मापाची पट्टी एवढें पुरे.

कापड सुतीच घ्यावें. नेसून नेसून मऊ झालेलें धोतर किंवा लुगडें सर्वांत चांगलें. विरलेला भाग टाकून द्यावा. कोरें मांजरपाट घेतलें तर रात्रभर पाण्यांत भिजत घालून, धुवून, वाळवून मगच बेतावें. खळ निघून जाते आणि कापड आटावयाचें तेवढें आधींच आटतें. हें न केलें तर पहिल्या धुण्यांतच झबलें आंखूड होतें.

आपल्या आज्या तान्ह्या मुलाचें अंगडें पुढून उघडें ठेवून बगलेशीं बंदानें बांधीत, त्यांत मोठें शहाणपण होतें. जन्मतः मुलाचें डोकें छातीपेक्षां घेरानें मोठें असतें, आणि मान तर धरत नाहीं. अशा मुलाच्या डोक्यावरून कपडा ओढणें म्हणजे त्याला छळणेंच. वर्षाच्या सुमारास डोक्याचा व छातीचा घेर साधारण सारखा होतो. तेव्हां डोक्यावरून घालण्याचें झबलें चालतें.

वर्षाच्या मुलाचें झबलें असें बेतावें. छातीचा घेर १८ इंच धरूं. ३२ इंच लांब व १२ इंच रुंद पट्टा, उभा धागा लांबीकडे ठेवून कापावा आणि मधोमध आडवा दुमडावा. ती दुमड म्हणजे खांदा. दुमडीच्या मध्यापासून दोन्ही बाजूंस दोन दोन इंच, पुढें दोन इंच व मागें अर्धा इंच खोल असा गोल गळा कापावा. मग पुढच्या बाजूस गळ्यापासून खालीं ५ इंचांची सरळ फट पाडावी. गळ्याचा घेर सुमारें १० इंच आणि फटीच्या दोन कडा मिळून १०, असे २० इंच झाले. १८ इंचांचें डोकें सुखानें जातें. गळ्याला व फटीला मऊ कापडाचा गोट लावावा. बाह्यांसाठीं १० इंच रुंद व ६ इंच लांब असे दोन तुकडे घ्यावे, बगलेंत ३ इंचांचा चौबगला घालावा. चौबगल्यामुळें हात मोकळा हालतो आणि शिवण उसवत नाहीं.

बाजूंची शिवण धावदोऱ्यानें घालावी, मात्र चार टाके पुढें गेल्यावर एक टाका मागें घ्यावा. कापडाची कड दुमडून बाहेरच्या बाजूस तुरपावी, म्हणजे ती अंगाला घासत नाहीं. खालीं दोन इंचांची दुमड ठेवावी. मूल वाढलें कीं ती उसवून झबलें लांब करतां येतें. ३६ इंच पन्ह्याचें सव्वा वार कापड घेतलें, तर धुवून आटल्यावरही दोन झबलीं निघतात.

चार गोष्टी मात्र कधींही विसरूं नका. गळ्याशीं लांब नाडी नको. बंद सहा बोटांहून लांब नकोत, आणि ते छातीच्या बाजूस असावे. टांचणी वापरूं नका. बटन लावाल तर ओढून पहा, कारण सुटलेलें बटन थेट तोंडांत जातें. बाहीच्या आंतले लोंबते दोरे कापून टाका. ते बोटाला गुंडाळले तर बोटाचें रक्त अडतें. टोपडें वाऱ्यांत जातांना घाला, घरांत निजवतांना काढा. डोकें झांकून मूल फार तापूं नये.

कोणी विचारील, यानें शिंप्याच्या पोटावर पाय येणार नाहीं काय? आम्हांला तसें वाटत नाहीं. शिंप्याचें काम नेलें तें तयार कपड्याच्या ढिगानें, आईच्या सुईनें नव्हे. ज्या घराला शिवणीची पारख कळते, तेंच घर चांगल्या कारागिराची मजुरी ओळखतें. तेव्हां सदरा, पोलकें, लग्नाचे कपडे हें अवघड काम गांवच्या शिंप्याला द्या, आणि मजुरी रोख द्या. त्याचाही घरसंसार आहे.

शेवटीं एकच विनंती. येत्या बाजारीं झगमगीत कपड्याऐवजीं सुयांची पुडी आणि दोऱ्याचें रीळ घ्या. संध्याकाळीं मुलगी आणि मुलगा दोघांनाही जवळ बसवून सुईच्या नेढ्यांत दोरा ओवावयास शिकवा. लेकराला अंगभर, मऊ आणि स्वच्छ कपडा मिळण्यास सावकाराचा पैसा लागत नाहीं. थोडी माहिती आणि दोन घटकांचे श्रम लागतात. श्रमाला आपण कधीं भ्यालों नाहीं, आणि माहिती आतां आपल्या हातीं आहे. एवढें सांगून आम्ही आपली रजा घेतों.